अठ्ठावीस इंचांचा ओटा

माझी उंची चार फूट साडेनऊ इंच. त्यातला अर्धा इंच मी आजवर कुणाला सोडलेला नाही. आरोग्य तपासणीच्या वेळी मुलांची उंची मोजायला आमच्या शाळेच्या भिंतीवर खुणा केल्या आहेत. मुलं वर्गात गेली की दर वर्षी मीसुद्धा तिथं पाठ टेकवून उभी राहते. काही बदललेलं नसतं. सहावीची मुलं मात्र जूनमध्ये माझ्या कानाशी असतात आणि परीक्षा येईपर्यंत माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायला लागतात.

माझे मिस्टर पाच फूट दहा. लग्नात फोटोग्राफरनं आम्हाला शेजारी उभं केलं, कॅमेऱ्यातून बघितलं, आणि आचाऱ्याकडून एक पाट मागवून माझ्या पायाखाली सरकवला. वरून साडीचा घोळ सोडला. त्या फोटोत मी चांगली त्यांच्या खांद्यापर्यंत पोचलेली दिसते. मला वाटलं, पाटाचं काम झालं. ते तर नुकतं सुरू झालं होतं.

परभणीत बावीस वर्षांत आम्ही पाच भाड्याची घरं केली. पाचही घरांचे ओटे माझ्या बरगड्यांना लागायचे. ज्यांनी ते बांधले त्यांनी जन्मात कधी भाकरी थापली नसावी. मी पाटावर उभी राहून स्वयंपाक करायची. फ्रिजकडं जाताना उतरायचं, परत येताना चढायचं. एकदा उतरायचं विसरले आणि वरणाचं पातेलं घेऊन सरळ पुढं पाऊल टाकलं. वरण वाचलं नाही, मी वाचले.

पोळी लाटायला पाट चालतो. भाकरीला चालत नाही. ज्वारीची भाकरी थापायची तर अंगाचा भार वरून तळहातावर यावा लागतो, आणि पाटावरून भार दिला की पाट हलतो. म्हणून भाकरीच्या वेळी मी पाट बाजूला करायची आणि कोपर बाहेर काढून, खांदा कानापर्यंत उचलून थापायची. पन्नाशी आली तशी उजव्या खांद्यानं तक्रार सुरू केली. डॉक्टरांनी खांदा फिरवून बघितला.

"मॅडम, फळ्यावर फार लिहिता का?"

"फळ्यावरचं आता कमीच झालंय. भाकरी थापते."

"मग काही दिवस पोळ्या खा."

परभणीत बसून माणूस असा सल्ला देऊ शकतो, याचं मला आजही नवल वाटतं.

तर अशात आमचं घर बांधायचं ठरलं. जिंतूर रोडला, वस्ती संपते तिथं आमचा छोटा प्लॉट होता. इंजिनिअर तरुण होता, बोलायला गोड. त्यानं लॅपटॉपवर घर फिरवून फिरवून दाखवलं. हॉल, दोन खोल्या, जिना, वर गच्ची. मिस्टर प्रश्न विचारत होते, तो उत्तरं देत होता. सगळं संपून तो लॅपटॉप मिटायला लागला तेव्हा मी म्हणाले, "ओटा जरा बुटका ठेवा."

"काय म्हणालात, मॅडम?"

"ओटा. थोडा खाली."

"किती खाली?"

आता किती, ते मला कुठं माहीत होतं? मी म्हणाले, "विचारून सांगते."

हे दोन शब्द माझ्या तोंडात कधी बसले, मला आठवत नाही. मी मूळची अशी नव्हते. जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात माझे वडील दुसऱ्याच्या शेतात सालदार होते. बारावीनंतर माझा दोन ठिकाणी नंबर लागला. परभणीला डी.एड. आणि नांदेडला नर्सिंग. दोन्हीकडं प्रवेशाला एकच दिवस उरलेला. वडिलांना वाचता येत नव्हतं. मी दोन्ही पत्रं त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट बघितली, आणि घडी मोडणार नाही अशा बेतानं परत दिली.

"मला ह्यातलं कळत न्हाई. तुला कळतंय. तुला बरं वाटंल ते कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी जिंतूरच्या स्टँडवर उभी होते. नांदेडची गाडी आधी लागली. मी चढले नाही. मग परभणीची लागली, तिच्यात चढले. का, असं कुणी विचारलं असतं तर मला इतकंच सांगता आलं असतं, की शाळा उघडताना नव्या पुस्तकांना जो वास येतो तो मला आवडायचा. एवढ्या भांडवलावर मी आयुष्याचं ठरवलं, आणि ते काही चुकलं नाही.

अठराव्या वर्षी एका एस.टी. गाडीच्या पायरीवर आयुष्याचं ठरवणारी मुलगी एकावन्नाव्या वर्षी ओट्याचं 'विचारून सांगते' म्हणत होती. मधल्या वर्षांत झालं काय? मला वाटतं, मी शिकत राहिले, हेच झालं. शाळेत एक पद्धत शिकायची आणि ती हाताला बसेपर्यंत ती बंद व्हायची. हजेरी आधी वहीत होती. मग वहीत आणि मोबाइलमध्ये, मग नुसती मोबाइलमध्ये, मग मोबाइलमधल्या दुसऱ्याच अ‍ॅपमध्ये. सकाळी भरलेली माहिती दुपारी नव्या नमुन्यात मागवायचे. दर वेळी वयानं लहान असलेलं कुणीतरी यायचं आणि प्रेमानं सांगायचं, "मॅडम, आता तसं नसतं."

'आता तसं नसतं' हे वाक्य दहा-पंधरा वर्षं ऐकलं की माणूस आपणहूनच धरून चालतो, की आपल्याला जे ठाऊक आहे ते आता तसं नसणार. मग कुकर घ्यायचा तर चौघींना विचारायचं, चप्पल घ्यायची तर दोघींना. एक चप्पल तर मला पहिल्या दिवसापासून चावत होती. तरी मी ती तीन महिने घातली, कारण विचारलेल्या दोघींनीही ती चांगली आहे असं सांगितलं होतं.

ओट्याचं मी आधी मिस्टरांना विचारलं. ते सरकारी कचेरीत लिपिक आहेत आणि कुठल्याही गोष्टीला काहीतरी नियम असणारच, यावर त्यांची श्रद्धा आहे.

"तेहतीस इंच. स्टँडर्ड असतं ते," ते म्हणाले.

"स्टँडर्ड म्हणजे कुणाचं?"

"स्टँडर्ड कुणाचं नसतं. म्हणून तर ते स्टँडर्ड."

मग थोरल्या दिरांना विचारलं. ते पाथरीला असतात. आम्ही बौद्ध, आमच्या घरात वास्तुशास्त्र वगैरे कुणी मानत नाही, आणि दीर तर याबाबत लोकांना भाषणं देतात. पण त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला होता.

"हे वास्तू नाही बरं का, हे सायन्स आहे," ते म्हणाले. "ओटा खाली गेला की ऊर्जा खाली जाते."

"आणि मग ती कुठं जाते, भाऊजी?"

"खाली," ते म्हणाले.

त्यांच्या हातातला फोन थोरल्या जाऊबाईंनी घेतला. "आगं, उद्या सून आली अन् उंच निघाली म्हंजे?"

"अक्का, मला एकच मुलगी आहे."

"मग जावई उंच निघाला म्हंजे?"

"जावई भाकरी थापणार आहे का?"

"काय सांगावं बाई. काळ लय बदलायलाय."

मुलगी पुण्यात नोकरी करते. तिनं व्हिडिओ कॉलवर सगळं ऐकून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "मम्मी, पुढचा विचार कर ना. दहा वर्षांनी भाकरी कोण करणार आहे? सगळं ऑर्डर करतील लोक."

"मग दहा वर्षं मी काय खाऊ?"

ट्रॉलीच्या दुकानदारानं सांगितलं की कमी उंचीच्या मापात ट्रॉल्या येत नाहीत, आणि उद्या घर विकायचं झालं तर गिऱ्हाईक पहिल्यांदा किचन बघतं. घराच्या भिंती अजून ओल्या होत्या आणि तो ते विकायला निघाला होता. शेवटी मी शाळेच्या शिक्षकांच्या ग्रुपवर विचारलं, 'ओटा किती उंच असावा?' त्यावर बहुतेकांनी अंगठा दाखवला. तिघांनी अभिनंदन केलं. एकीनं नव्या घरासाठी फुलांचा गुच्छ पाठवला. आणि मुख्याध्यापकांनी, बहुधा दुसऱ्याच कुठल्या ग्रुपवर टाकायचं होतं ते, 'सदर माहिती आजच सादर करावी' असं टाकलं.

ही सगळी विचारपूस मी भाड्याच्या घराच्या हॉलमध्ये बसून करत होते. तिथं भिंतीवर, आमच्या समाजातल्या पुष्कळ घरांत असते तशी, 'स्वतःच स्वतःचा दिवा व्हा' असं लिहिलेली फ्रेम होती. दर रविवारी मी तिच्यावरची धूळ पुसायची, आणि मग तिच्याच खाली बसून पुढचा फोन लावायची.

पंधरा दिवसांनी इंजिनिअरचा फोन आला. "मॅडम, ओट्याचं काय ठरलं?"

"करा तेहतीस," मी म्हणाले. एवढी माणसं चुकीची कशी असतील?

शुक्रवारी शाळेतून येताना मी साइटवर उतरले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मिस्त्रीनं निळीत बुडवलेल्या दोरीनं सरळ रेघ मारून ठेवली होती. तिथं ओटा येणार होता. मी रेघेजवळ गेले आणि दोन्ही तळहात तिच्यावर ठेवून, भाकरी थापतात तसं भिंतीवर थापून बघितलं. भिंत काय सांगणार? पण खांद्यानं सांगितलं. तो आपोआप वर गेला, गेली बावीस वर्षं जायचा तसाच.

मिस्त्री मागं उभा होता. पन्नाशीचा, सडपातळ, कानामागं पेन्सिल. "मॅडम, कायी इसरलं का?"

"मिस्त्री, एवढ्या उंचीवर भाकरी होईल का हो?"

"भाकर तव्यावर व्हती, मॅडम."

"थापायची म्हणते मी."

"ते बायाला ठावं. आमच्याकडं खायचं खातं हाय."

मी पुन्हा रेघेकडं बघितलं. "उद्या शनिवार आहे," मी म्हणाले. "सकाळची शाळा. दुपारी मी पीठ घेऊन येते. तोवर ओट्याला हात लावू नका."

रिक्षात बसले, घरी आले, हातपाय धुतले. मग माझ्या लक्षात आलं, की हे मी कुणालाच विचारलेलं नाही.

शनिवारी दुपारी मी पिठाचा डबा, परात, तवा आणि मिरचीचा ठेचा घेऊन साइटवर गेले. मिस्त्रीच्या हाताखाली दोन बाया होत्या, नणंद-भावजय. त्यांनी तीन विटांची चूल मांडली आणि लाकडाचे तुकडे पेटवले. मिस्त्रीनं भिंतीशी विटांच्या दोन थप्प्या रचल्या, प्रत्येकीत अकरा विटा, आणि वर सेंट्रिंगची फळी टाकली.

"हे झालं तुमच्या इंजनेरचं," टेप लावून तो म्हणाला. "येखांदा इंच इकडं तिकडं."

मी फळीवर परात ठेवली, पीठ मळलं आणि थापायला लागले. चार माणसं बघत असताना भाकरी थापणं म्हणजे परीक्षाच. पहिली भाकरी मधे जाड आणि कडेला फाटकी झाली. खांदा ठणकला.

"येक इट काडा," मोठी बाई म्हणाली.

एकेक वीट काढली. दुसरी भाकरी बरी झाली. पण थापताना माझ्या टाचा वर उचलल्या जात होत्या. मला ते कळलंही नसतं, धाकटीनं दाखवलं. "मॅडम टाचंवर न्हाईत, चवड्यावर उभ्या हायत."

आणखी एकेक वीट काढली. आता नऊ राहिल्या. तिसऱ्या भाकरीला मी हात लावला आणि मला माझ्या आईच्या चुलीजवळचं जमिनीवर बसून थापणं आठवलं. बसून थापताना भार असाच खाली उतरतो. खांदा जागच्या जागी होता. हात फिरत होता, भाकरी परातीत आपणहून गरगरत मोठी होत होती. मी काहीच करत नव्हते, असं वाटावं इतकं ते सोपं होतं.

"लय पातळ व्हायलीय," मोठी म्हणाली. "अजून चार इटा काडल्या तर पापड व्हईल."

खात्रीसाठी अजून एकेक काढून बघितली. कंबरेत वाक आला. परत नऊ लावल्या.

"टेप लावा, मिस्त्री."

"अठ्ठावीस."

तेवढ्यात इंजिनिअर मोटरसायकलवरून आला. आपल्या नव्या भिंतीशी विटांची थप्पी, तिच्यावर परात, खाली धूर, आणि कामाची माणसं ठेचा-भाकरी खातायत, हे बघून तो दारातच थबकला. मी त्याच्याही हातावर भाकरी ठेवली.

"मॅडम, पण स्टँडर्ड—"

"कशी झालीय?"

"चांगली झालीय."

"अठ्ठावीसची आहे," मी म्हणाले. त्यानं चावत चावत मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

संध्याकाळी मी मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "एकदा सगळ्यांना विचारून बघू."

"सगळ्यांना विचारून झालंय. आता नाही विचारायचं."

हे मी बोलले खरी, पण रविवारी माझं मलाच पटेना. खांदा बरा झाला तर? आपण पन्नास वर्षांचा ओटा एका खांद्यासाठी बांधतोय का? पाटावर उभी राहून चहाची भांडी विसळताना मनात आलं, एवढे लोक सांगत होते ते काय वेडे होते? तीनदा फोन हातात घेतला, अक्कांना लावायला. तिन्ही वेळा त्या उंच जावयाची आठवण झाली आणि फोन ठेवला. माझ्या निश्चयाचं श्रेय मी त्या न झालेल्या जावयाला देते.

सोमवारी मी पाचवीला अपूर्णांक शिकवत होते. फोन आला. मिस्त्री. मुलांना तीन गणितं घालून मी व्हरांड्यात आले.

"मॅडम, सायबांचा फोन आला व्हता. म्हनले, तीस करा. मधलं बरं राहतंय. ओट्याखालचे उबे कडप्पे कापायला टाकायलोय आत्ता. तीसच्या हिशोबानं कापू का?"

आमच्या मिस्टरांना प्रत्येक गोष्टीतलं मधलं सापडतं. त्यांना चहात साखर दीड चमचा लागते. कचेरीत दोन साहेबांचं पटत नसलं की यांना बोलावतात. आणि तीस ही काही वाईट गोष्ट नव्हती, हीच तर अडचण होती. तद्दन चुकीच्या गोष्टीला नाही म्हणता येतं. जवळजवळ बरोबर असलेल्या गोष्टीला नाही म्हणायचं कसं? दोन इंचांसाठी नवऱ्याचा शब्द मोडायचा?

"विचारून—" मी सुरुवात केली.

"आं?" मिस्त्री म्हणाला.

व्हरांड्यात मी एकटी होते. आत मुलं एकमेकांच्या वहीत बघून गणितं सोडवत होती, ते मला ऐकू येत होतं. शनिवारची दुसरी भाकरी माझ्या डोळ्यांपुढं आली. दहा विटांची, तीसच्या आसपासची. तेव्हा टाचा उचलल्या गेल्या होत्या. हे मिस्टरांना ठाऊक नव्हतं, इंजिनिअरला नव्हतं, पुण्याला नव्हतं आणि पाथरीलाही नव्हतं. ते माझ्या टाचांना ठाऊक होतं. मग मी कुणाला विचारायला निघाले होते?

"अठ्ठावीस कापा."

"सायबाला काय सांगू?"

"मी सांगते."

वर्गात परत आले. खडू उचलला, पण काय लिहायचं तेच विसरले. दोन इंच कडप्प्यासाठी! मला माझंच हसू आलं आणि मुलांनाही, काही कारण नसताना, हसू आलं.

संध्याकाळी मिस्टर पेपर उघडून बसले होते. मी समोर जाऊन बसले.

"तुम्ही मिस्त्रीला फोन केला होता?"

"केला होता. म्हटलं, तुझंही राहील, सगळ्यांचंही राहील."

"सगळे रोज स्वयंपाकाला येणार आहेत का?"

पेपर थोडा वर गेला. मग त्याच्यामागून हळूच आवाज आला, "मला वाकावं लागंल गं. चहा करताना."

लग्न झाल्यापासून सकाळचा पहिला चहा हे करतात. मी शाळेची तयारी करते तोवर कप माझ्या हातात येतो. चौदा जणांना ओट्याचं विचारलं, पण या घरात त्या ओट्याशी रोज उभं राहणारं दुसरं माणूस आहे, त्याची कंबर दुखते, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. आणि त्यांच्याही तोंडातून ते निघालं नाही.

"एवढं सांगायला तुम्ही स्टँडर्ड काढलं?"

"कंबर दुखते म्हणणं बरं दिसत नाही," ते म्हणाले. "स्टँडर्ड बरं दिसतं."

मग आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी मिळून साइटवर गेलो. ओटा अठ्ठावीसचाच झाला. पण खिडकीच्या बाजूला, भिंतीत, एका शेगडीपुरता वेगळा कडप्पा बसवला, तोही विटांची थप्पी लावून, मिस्टरांना तिथं उभं करून, हातात रिकामं पातेलं देऊन. धाकट्या बाईनं त्यांना विचारलंसुद्धा, "सायब, टाचा टेकल्या का?" त्यांची शेगडी एवढी उंच झाली की तिच्यावरच्या भांड्यात काय चाललंय ते मला दिसत नाही. त्यामुळं या घरात सकाळचा चहा मला करताच येत नाही. हा काही मी आखलेला डाव नव्हता, पण तो मोडावा असंही मला वाटत नाही.

घरात राहायला गेलो त्या दिवशी विहारातली मंडळी आली, वंदना झाली, जेवणं झाली. अक्का पाथरीहून आल्या होत्या. त्या उंचीला माझ्याहून इंचभर जास्त असतील. त्यांनी पदर खोचला आणि नव्या ओट्यावर भाकरी थापायला घेतल्या. एक झाली, दोन झाल्या, परातीशेजारी चळत लागली. शेवटी हात धुताना म्हणाल्या, "बरं हाय की गं." आणि स्वयंपाकघरात कुणी नाही असं बघून त्यांनी ओटा जमिनीपासून वितीनं मोजला. मी दाराआड होते.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण ओट्याच्या यशानं माझ्या डोक्यात जरा हवा गेली होती. भिंतीच्या टाइल्सचं मी एकटीनं, कुणाला न विचारता, दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत ठरवलं. सगळे पांढऱ्या घ्या म्हणत होते. मी मोरपंखी घेतल्या. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली त्या खरंच मोरपंखी होत्या. आमच्या स्वयंपाकघरात त्या विहिरीतल्या शेवाळासारख्या दिसतात. मुलगी घरी आली, भिंतीकडं बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, हे कुणाला विचारून घेतलंस?" मी म्हणाले, "कुणालाच नाही." "दिसतंय," ती म्हणाली. आता त्या टाइल्स मी रोज पुसते. माझ्या चुकीची एवढी स्वच्छता मी पूर्वी कधी ठेवली नव्हती.

गेल्या महिन्यात आणखी एक प्रकार कळला. आमचे मिस्टर कचेरीत ओट्याची गोष्ट सांगतात. विटांची थप्पी, टेप, ठेचा, सगळं. माझ्या नावावर सांगतात, हे मानलं पाहिजे. त्यांच्या एका सहकाऱ्याचं घर बांधायचं चाललंय. एका दुपारी त्यांच्या पत्नीचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या साहेबांनी आमच्या ह्यांना सांगितलं, ओटा अठ्ठावीसचाच करा म्हणून. म्हणे अनुभवानं सिद्ध झालंय. आता तेच स्टँडर्ड."

मी कपाळाला हात लावला. "ताई, तुमची उंची किती?"

"पाच फूट पाच."

"मग अठ्ठावीसवर तुमची कंबर जाईल हो."

"हो ना? मलाही तेच वाटत होतं. पण हे म्हणाले, तुला काय कळतं. इंजिनिअर तेहतीस सांगतोय, माझी बहीण छत्तीस म्हणतेय. तुम्ही एवढं सगळं करून बघितलंय. तुम्हीच सांगा, मॅडम, किती ठेवू?"

इतक्या विश्वासानं मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. आतून एकदम उबदार वाटलं.

"चौतीस ठेवा," मी ठासून म्हणाले.

"बरं झालं बाई, सुटले. थँक्यू मॅडम!" आणि फोन ठेवला.

मी खुर्चीत बसले. चौतीस मी आणलं कुठून? त्या बाईंना मी कधी बघितलेलंसुद्धा नव्हतं. त्या भाकऱ्या करतात की पोळ्या, तेही विचारलं नव्हतं. मी घाईघाईनं त्यांना परत फोन लावला, सांगायला, की बाई, माझं ऐकू नका, स्वतः साइटवर उभ्या राहून बघा.

फोन व्यस्त होता. पाच मिनिटं थांबून पुन्हा लावला, तरी व्यस्त. त्या माझ्यानंतर आणखी कुणाला तरी विचारत होत्या.